जयगडचं दीपगृह आणि खालचं कातळ: एका दिवसाच्या फोटोसहलीसाठी आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी चिपळूणहून निघायचं, जयगडचं दीपगृह आणि आसपासचा खडकाळ किनारा टिपायचा, रात्री घरी परत. हाताशी १८-५५ ची किट लेन्स, जुनी ५५-२५० आणि एक हलका ट्रायपॉड. सोबत भाऊ, त्याच्याकडे फक्त मोबाइल. तर कुठल्या महिन्यात जावं, नवी लेन्स कुठली घ्यावी आणि एक दिवस पुरेल का?

दिवस पुरतो. लेन्स नवी घेऊ नका, आहे तीच पुरून उरेल. महिन्याचं पुढे सांगतो, पण महिन्याच्याही आधी तिथी ठरवा. खडकाळ किनाऱ्यावरचा फोटो पाणी कुठवर आलंय यावर ठरतो. एकच कातळ दुपारी बारा वाजता पूर्ण बुडालेलं असतं आणि संध्याकाळी सहाला त्याच्यावर चालत जाता येतं. सूर्यास्ताची वेळ सगळे बघून येतात, भरतीची वेळ फारच थोडे बघतात. मग चांगलं आभाळ असूनही समोर नुसतंच उसळतं पाणी, पुढे मांडायला एक दगड नाही, अशी गत होते.

किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीचा हिशोब तोंडी करतात: तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हींना पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तास दहा-बारा मिनिटांनी पूर्ण सुकती (म्हणजे ओहोटी), आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पंचांगातली तिथी सूर्योदयाला मोजलेली असते, शिवाय जागेनुसार फरक पडतो, त्यामुळे हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. दिनदर्शिकेवरून तारीख निवडायला तो पुरतो. तारीख ठरली की नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर किंवा एखाद्या चांगल्या ॲपवर ताडून घ्या. ॲपमध्ये ठिकाण रत्नागिरी किंवा जयगड टाका, मुंबईचं नको. मुंबईच्या पाण्याची उंची उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला, साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, आपल्याकडे दोन-अडीच मीटर.

आता हा हिशोब तुमच्या रविवारला लावू. तुम्हाला दुपारी भरती हवी आणि सूर्यास्ताला सुकती हवी. दुपारची भरती हेदवीच्या बामणघळीसाठी (कातळातली एक चीर, तिथे लाट सरळ वर उसळते), संध्याकाळची सुकती जयगडच्या कातळासाठी. दोन्ही एकाच दिवशी मिळतात त्या तिथी म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच्या. त्यातही माझी पसंती प्रतिपदेला आणि द्वितीयेला. पौर्णिमेला पूर्ण सुकती साडेपाचच्या आसपास होते, म्हणजे थंडीत सहा-सव्वासहाला सूर्य बुडताना पाणी पुन्हा चढायला लागलेलं असतं. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता आणि सुकती सातच्या आसपास. तुम्ही कातळावर असाल तेवढा सगळा वेळ पाणी मागे जात राहतं. उतरत्या पाण्यात काम करणं आणि चढत्या पाण्यात काम करणं यात जिवाचा फरक आहे. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं चढतं. उधाणाला दोन मीटरचा फरक धरला तर त्या दोन तासांत मीटरभर, म्हणजे मागे परतायची वाट कमरेएवढ्या पाण्याखाली.

पौर्णिमेकडची प्रतिपदा घ्यावी की अमावस्येकडची? अंधारात दिव्याचे झोत टिपायचे असतील तर अमावस्येकडची. चंद्रप्रकाशात न्हालेला कडा हवा असेल तर पौर्णिमेकडची. त्या दिवशी चंद्र सूर्यास्तानंतर तासाभरात सड्याच्या, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठाराच्या मागून, पूर्वेकडून उगवतो. ज्यांना तो दीपगृहाच्या टॉवरच्या बाजूला मोठा दिसायला हवा असतो त्यांनी मात्र नेमकी पौर्णिमाच धरावी, कारण त्या दिवशी सूर्य बुडताना चंद्र वर येतो आणि आभाळात अजून उजेड असतो. दोन्ही हवं म्हणाल तर दोनदा जा.

आणि रविवार नेमका अष्टमीचा निघाला तर? रद्द करू नका, बेत उलटा करा. सुकती दुपारी बाराला असेल तेव्हा कातळावर उतरून डबकी, कालवं, दगडांचे पोत असं जवळचं काम करा, आणि संध्याकाळी भरतीला खाली न जाता वर सड्यावरूनच टॉवर घ्या. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, फार वर येत नाही आणि फार आतही जात नाही, त्यामुळे खालची खडपं पुरती उघडी पडत नाहीत. एवढं धरून चला.

महिना. पावसानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर मला सगळ्यांत आवडतो. हवा धुतलेली असते, क्षितिजाची रेघ स्वच्छ असते, ढगांचे पुंजके अजून शिल्लक असतात, सड्यावरचं गवत हिरव्याकडून सोनेरीकडे झुकलेलं असतं. ऑक्टोबरात अंधार पडल्यावर आकाशगंगेचा दाट भाग नैऋत्येला समुद्रावर थोडा वेळ दिसतो, तोही अमावस्येकडचा फायदा. डिसेंबर ते फेब्रुवारी आभाळ निरभ्र पण क्षितिजावर धुरकट पट्टा बसतो. सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्या पट्ट्यात विरघळतो. मे महिन्याचा शेवट ढगांच्या दृष्टीने जबरदस्त, बाकी उकाडा सोसायची तयारी हवी. पावसाळ्यात फक्त वरून फोटो. जूनच्या सुरुवातीला सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ही वनस्पती आपल्या दक्षिण कोकणातल्या आणि गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांपलीकडे कुठे मिळत नाही; ती पुढे ठेवून मागे दीपगृह असा फोटो फारसा कुणी काढलेला नाही. पण त्या दिवसांत कातळावर उतरायचं नाव काढू नका, आणि वाईट हवेत फेरीबोट बंद असू शकते हेही धरा.

आता रस्ता. पहाटे तीनला उठून पळायची गरज नाही. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन डोंगराकडून येतं आणि कड्याखालचं कातळ बराच वेळ सावलीत राहतं. सकाळच्या उन्हात टॉवर मात्र छान उजळतो, मागे गडद निळं पाणी येतं. त्यासाठी अंजनवेलचं टाळकेश्वराजवळचं दीपगृह योग्य, पण ते वेगळ्या दिवशी करा. एका दिवसात दोन दीपगृहं कोंबली की दोन्हींचे पोस्टकार्डछाप फोटो घेऊन घरी याल.

साडेआठ-नऊला चिपळूण सोडा. पेट्रोल, पैसे, पाणी, बिस्किटं हे सगळं शृंगारतळीला उरकून घ्या आणि तिथून वेळणेश्वरच्या रस्त्याने हेदवी गाठा. दशभुज गणेशाचं दर्शन घ्यायचं तर घ्या, पण पाण्याच्या वेळेच्या तासभर आधी खाली उमामहेश्वराच्या देवळापाशी पोचा. तिथून कातळावरून थोडं चाललं की बामणघळ.

काळ्या बेसाल्टमध्ये पडलेली ती एक अरुंद, लांब चीर आहे. भरतीची लाट तिच्या तोंडातून आत घुसते, जागा अरुंद होत जाते, पाण्याला जायला वाट उरत नाही आणि शेवटाला ते सरळ वर उसळतं. आधी आतून एक घुमल्यासारखा आवाज येतो, मग पाणी दिसतं. फोटोसाठी हा आवाज फार कामाचा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पाण्याची वाट बघितलीत तर बटण दाबेपर्यंत फवारा खाली यायला लागलेला असतो. आवाज ऐकला की सलग फ्रेम सुरू करा, शिखर आपोआप मिळतं. बाजूने उभे राहा, चिरेच्या शेवटाच्या समोर नाही. आणि वारा पाठीवर घ्या, नाहीतर पहिल्या तीन लाटांत काच खारट.

दुपारचं ऊन कडक असतं, लोक नाक मुरडतात, पण इथे ते चालतं. कातळ काळं, पाणी पांढरं, मधलं काही नको. आयएसओ ४००, एफ ८, शटर १/२००० च्या आसपास. थेंब सुटे सुटे गोठतात. फेस जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. नंतर कृष्णधवल केलंत तर दुपारच्या उन्हाची तक्रार राहत नाही. भावाला मोबाइलवर स्लो मोशन घ्यायला सांगा, या जागी तो तुमच्यापेक्षा चांगलं काहीतरी घेऊन येईल.

जेवण हेदवीला किंवा वाटेत कुठल्याही खाणावळीत. पोट भरून मासे खाऊन कातळावर झोप येते, एवढंच सांगतो. मग तवसाळची जेट्टी. फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, गाडीही सोबत येते. बोटीवरून जयगड किल्ल्याची तटबंदी दिसते, ५५-२५० तिथे काढा. शास्त्री नदी इथेच समुद्राला मिळते. बोटीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, शेवटची फेरी कितीची ते जातानाच विचारून ठेवा. रात्री परत बोटीने यायचा आग्रह धरू नका. जयगडहून निवळीचा रस्ता धरून महामार्गाला लागा आणि संगमेश्वरवरून चिपळूण. लांब पडतं, पण शेवटच्या बोटीसाठी उत्तम उजेडात ट्रायपॉड गुंडाळायची वेळ येत नाही.

दीपगृहाशी तीन-साडेतीनपर्यंत पोचा. पाहुण्यांसाठी दीपगृहं सहसा दुपारनंतरच ठरावीक वेळ उघडी असतात, तिकीट किरकोळ असतं, कॅमेऱ्याचं वेगळं पडू शकतं. फाटकाशी जाऊन नीट विचारा. "दादा, वर जाऊन समुद्राचे फोटो घेतले तर चालेल ना? ट्रायपॉड खाली ठेवतो," एवढं बोललात तर बहुतेक वेळा प्रेमाने सोडतात. हे पडकं स्मारक नाही, चालू सरकारी यंत्रणा आहे. दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाच्या ताब्यात ती असते, आणि १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आलाय. त्यामुळे आतल्या यंत्राचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दिवसा दिव्याच्या खोलीला पडदे लावलेले दिसले तर आश्चर्य नको. ते भिंग जसा आतला उजेड बाहेर फेकतं तसं बाहेरचं ऊन आत एका जागी गोळा करू शकतं, म्हणून झाकतात. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात ही कल्पना काढली: एक अवाढव्य जाड भिंग घडवण्याऐवजी काचेची कंगोऱ्यांची वलयं एकाभोवती एक बसवायची. बघायला मिळालं तर त्या वलयांच्या कडा डोळ्यांनीच बघून घ्या, पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात तिथे सात रंग पडलेले असतात.

वरच्या सज्जातून सगळे क्षितिजाचा फोटो काढतात. तो कंटाळवाणा येतो. त्यापेक्षा ५५-२५० लावा आणि सरळ खाली बघा. वर जांभ्याचा तांबडा-तपकिरी सडा, त्याच्या कडेखाली काळं बेसाल्ट, आणि त्यावर फेसाच्या पांढऱ्या रेषा. तीन रंगांचे तीन पट्टे, आभाळ पूर्णपणे बाहेर ठेवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर इथे फिरवून बघा, पाण्यावरची चकाकी जाऊन खालची खडपं दिसायला लागतात. वारा जोरदार असतो. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, लेन्सचं झाकण खिशात, कठड्याबाहेर काही नाही.

खाली उतरलात की अजून दीड-दोन तास हातात असतात. ते फोटो काढण्यात घालवू नका. कॅमेरा न काढता फिरा आणि संध्याकाळची जागा शोधा. कऱ्हाटेश्वराच्या देवळाकडे जा, तिथून खाली समुद्राच्या बाजूला पायऱ्या उतरतात, गोड्या पाण्याचं गोमुख आहे. भोवतालच्या कातळावरून आणि वरच्या सड्यावरून टॉवर कुठे कसा दिसतो, मागे वीज प्रकल्पाचं धुराडं आणि बंदराच्या क्रेन कुठल्या कोपऱ्यात येतात, हे चालूनच कळतं. धुराडं टाळायचंच असं नाही. दीपगृह आणि धुराडं एकाच चौकटीत धरून जयगड आज खरंच जसं आहे तसं दाखवणारा फोटो मला दहा सुंदर सूर्यास्तांपेक्षा जास्त आवडेल. पण ते अर्धवट, कडेला चुकून घुसलेलं नको. घ्यायचं तर पूर्ण घ्या.

सूर्य कुठे बुडणार हे आधी माहीत असायला हवं. आपल्या अक्षांशावर तो डिसेंबरात नेमक्या पश्चिमेपासून साधारण पंचवीस अंश डावीकडे, म्हणजे नैऋत्येकडे, आणि जूनमध्ये तेवढाच उजवीकडे बुडतो. म्हणजे थंडीत टॉवर आणि सूर्य जवळजवळ आणायचे तर टॉवरच्या ईशान्येच्या बाजूला सड्यावर उभं राहायला हवं. समुद्राच्या बाजूने खालून टॉवर बघाल तर सूर्य तुमच्या पाठीशी असेल आणि कडा, टॉवर, भिंती सगळं पिवळ्या उन्हात उजळलेलं दिसेल. मला दुसरं जास्त आवडतं. काळी सावलीसारखी आकृती आणि मागे केशरी आभाळ हे कुठल्याही दीपगृहाचं निघतं, त्याला जयगडला यावं लागत नाही.

किट लेन्स १८ वर ठेवून कातळासमोर उभं राहिलात की एक गडबड होते: पुढचा दगड हत्तीएवढा आणि टॉवर मागे काडेपेटीतल्या काडीएवढा. दोन उपाय. एक, मागे सरका आणि ३५-५० वर या, टॉवरला त्याची उंची परत मिळते आणि तो मागे कलल्यासारखाही दिसत नाही. दोन, १८ वरच राहा पण पुढच्या गोष्टीला खरंच काहीतरी काम द्या. सुकतीला कातळातल्या खळग्यांत पाणी साचून राहतं. अशा डबक्याशी कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणलात तर टॉवरचं पूर्ण प्रतिबिंब मिळतं. उभ्याने ते दिसतच नाही, म्हणून लोक शेजारून निघून जातात. संध्याकाळी समुद्राकडून खारा वारा असतो, पाण्यावर सुरकुत्या पडतात, तेव्हा हातभर रुंदीचं, चहूबाजूंनी उंच कडा असलेलं डबकं निवडा आणि वाऱ्याच्या बाजूला आपली सॅक ठेवा. ट्रायपॉडचे पाय पसरून पूर्ण खाली, मधला दांडा वर काढायचा नाही, आणि हलका ट्रायपॉड आहे म्हणून त्याला पाण्याची बाटली टांगा. गुडघ्याखाली जुना पंचा घ्या. कालवांच्या कडा पत्र्यासारख्या कापतात.

उधाणाच्या सुकतीला कालवं काढायला बायका खाली आलेल्या असतील. त्यांना चित्रातली वस्तू समजू नका. आधी चार शब्द बोला. "मावशी, हातांचा फोटो घेऊ काय?" असं विचारलं की बहुधा "घे, पण थोबाड नको हां माजा" असं उत्तर येतं, आणि हातांचाच फोटो चांगला निघतो. कुठला दगड निसरडा आणि पाणी आज कधी फिरणार हे त्या तुमच्या ॲपपेक्षा नेमकं सांगतात. त्या आवरायला लागल्या की तुम्हीही आवरा.

कातळावरच्या सुरक्षेचं इथेच लिहितो, कारण हा भाग लोक वाचायचा टाळतात. उतरण्याआधी वर उभं राहून पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा. लाटा गटाने येतात, आठ-दहा लहान आणि मग दोन-तीन मोठ्या. पाच मिनिटांत बघून उतरलेल्याला मोठा गट दिसलेलाच नसतो. जे कातळ ओलं, काळं आणि चकचकीत आहे तिथवर पाणी येतंय असं समजा, मग ते आत्ता येत नसलं तरी. हिरवं शेवाळ असेल तिथे पाय टाकायचा नाही, पांढऱ्या खरखरीत कवचांवरून चाला. पाठ समुद्राकडे करून बेसावध कधीच उभं राहू नका. एप्रिल-मे महिन्यांत हवा अगदी शांत असतानाही दक्षिणेच्या दूरच्या महासागरात उठलेल्या लांब लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊन आपटतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचा इशारा देते, निघण्याच्या आदल्या रात्री तो बघा. वर सड्याच्या कडेलाही जपून. जांभ्याचा वरचा थर कडक असला तरी खालचा भाग झिजून पोकळ झालेला असतो, कड वरून भक्कम दिसते आणि खाली आधार नसतो. कडेपासून दोन-तीन हात मागेच उभे राहा.

सूर्यास्ताच्या लाटांसाठी शटर किती, हे नेहमी विचारलं जातं. मला १/२ ते १ सेकंद पसंत आहे, तेही लाट येताना नाही, परतताना. पाणी दगडांच्या मधून मागे ओढलं जातं तेव्हा पांढऱ्या रेषा दगडाभोवती वळतात आणि पाण्याची दिशा फोटोत राहते. एक मिनिटाचं एक्स्पोजर करून समुद्राचं धुकं बनवायची फॅशन आहे. त्यासाठी दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा काळा फिल्टर लागतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर त्याने मिनिटाच्या वर जातं. पण खडबडीत किनाऱ्याचा सगळा खडबडीतपणा त्यात निघून जातो. सहा स्टॉपचा एकच घ्या, तोही नंतर. सूर्य बुडाल्यावर एफ ११ आणि आयएसओ १०० ला शटर आपोआपच तेवढं लांबतं.

खरं काम सूर्य बुडाल्यानंतर सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच सगळे गाडीकडे निघतात. दिवा लागतो, आणि आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, बावीस-तेवीस मिनिटांत आभाळ निळ्याचं काळं व्हायला लागतं. त्यामुळे पंधराव्या मिनिटाला जागेवर तयार असा. उजेड असतानाच टॉवरच्या कडेवर फोकस करून मॅन्युअलला टाका, अंधारात किट लेन्स नुसती घरघर करते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद. दोन सेकंदांचा टायमर.

मग दिव्याचा ठेका मोजा. प्रत्येक दीपगृहाचा चमकण्याचा ठेका वेगळा असतो, दर्यावर्दी त्यावरूनच कुठलं दीपगृह ते ओळखतात. मनात आकडे म्हणत एका चमकेपासून पुन्हा तीच चमक येईपर्यंत किती सेकंद जातात ते बघा. तुमचं शटर त्याच्या किमान दुप्पट हवं, म्हणजे झोताची एक पूर्ण फेरी नक्की सापडते. आयएसओ १००, एफ ८, पंधरा ते तीस सेकंद इथून सुरुवात करा. झोत हवेत दिसायला हवेत तर थोडी आर्द्रता लागते, ती आपल्याकडे फुकट आहे. अगदी स्वच्छ रात्री झोत फिके पडतात. त्याउलट एकच झोत, टोकदार, एका बाजूला हवा असेल तर आयएसओ ३२०० करून शटर अर्ध्या सेकंदावर आणा आणि झोत आडवा येईल त्या क्षणी दाबा. दिव्याची खोली पांढरीफक जळते, म्हणून तीच चौकट न हलवता चार-पाच सेकंदांची एक गडद फ्रेम घेऊन ठेवा, घरी दोन्ही जोडता येतील. भावाने मोबाइल क्लॅम्पमध्ये बसवून नाइट मोड वापरावा, आयफोन असेल तर लाइव्ह फोटो घेऊन नंतर लाँग एक्स्पोजर करावं. हातात धरून ही वेळ जमत नाही.

ड्रोनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण भाऊ विचारेल. जयगडला बंदर आहे, वीज प्रकल्प आहे आणि दीपगृह सरकारी. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा तपासल्याशिवाय आणि स्थानिक पोलिसांना विचारल्याशिवाय तो पिशवीतून काढू नका. सागरी सुरक्षेच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावर कुणी ऐकून घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

राहिलं मीठ. दिवसभर समोरच्या काचेवर एक पातळ, चिकट थर बसत राहतो आणि संध्याकाळी सूर्य समोर आला की फोटो दुधाळ येतात, लोक लेन्सला दोष देतात. दर अर्ध्या तासाने काच बघा. आधी ब्लोअरने फुंका, मग स्वच्छ पाण्यात किंचित ओलावलेल्या कापडाने टिपा, शेवटी कोरडं कापड. थेट कोरडं कापड घासलं तर मिठाचे खडे काचेवर रेघा ओढतात. कातळावर लेन्स बदलू नका, बदलायचीच तर गाडीत बसून. दुपारच्या प्रवासात एसी लावत असाल तर बॅग डिकीत ठेवा. थंडगार कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर आणि आतही बाष्प धरतं, आणि ते पुसून जात नाही, वाट बघावी लागते.

घरी पोचल्यावर कितीही रात्र झाली तरी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धरा, लॉक सैल करून उलटा उभा ठेवा. कॅमेऱ्याचं अंग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा, बटणांच्या भोवती आणि हॉट-शूच्या, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत खास करून, मग पंख्याखाली. बॅग रिकामी करून सावलीत वाळवा आणि सकाळपर्यंत तिची चेन लावू नका.